आभाळातल्या वस्तूची वर्दी

आत्याचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात बसून अमेरिकेतल्या एका माणसाला ईमेलवर पटवत होते की बिघाड त्याच्याकडचा आहे, आमच्याकडचा नाही. रिसेप्शनवरच्या मुलीने येऊन सांगितलं, "धायरीहून तुमच्या आत्या बोलतायत. घाबरू नका म्हणाल्या." आत्याने घाबरू नको म्हटलं की मी आधी घाबरते. फोन घेतला तर पलीकडून एसटीडी बूथमधला पंखा घरघरत होता आणि आत्या त्याच्यावर ओरडत होती.

"चौकीत जायचंय, वर्दी द्यायला. काल सांजच्याला आपल्या रानावर आबाळात कायतरी आलतं. तू ये गाडी घेऊन."

"काय आलं होतं?"

"ते ठावं असतं तर वर्दी कशाला दिली असती?"

बिनतोड होतं. मी साहेबांना घरची अडचण सांगितली. साहेबांनी घड्याळाकडे बघत "जाऊन या" म्हटलं, म्हणजे जाऊ नका. मी गेले.

स्वारगेटच्या सिग्नलला अडकले तेव्हा डोकं भणभणायला लागलं. आभाळात काय आलं याची मला काडीची फिकीर नव्हती. विमान असेल, फुगा असेल, नाहीतर गुऱ्हाळाच्या चुलाणाचा जाळ असेल. मी घाबरले होते ते निराळ्याच कारणाने. धायरी तेव्हा नुकतीच महापालिकेत गेली होती. जिथे ज्वारी होती तिथे बिल्डरचे फलक उभे राहत होते. फलकांवर पोहण्याचा तलाव आणि गोरी मुलं. आत्याच्या आणि तिच्या धाकट्या दिराच्या सामाईक रानावर असाच एक बिल्डर डोळा ठेवून होता. दिराची सही कधीच झाली होती. आत्या करत नव्हती. "इतक्यात नको," एवढंच म्हणायची. मग दिराकडचे लोक हळूहळू बोलायला लागले की म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, तिला काही समजत नाही, कोर्टात अर्ज करून तिच्या वतीने दुसऱ्याला सही करू द्यावी. नुसती कुजबुज होती, पुरावा नव्हता. आणि आता आत्या स्वतःच्या पायाने पोलिसांत जाऊन सांगणार होती की मी आभाळात काहीतरी पाहिलं. पुरावा घरपोच.

घरी पोचले तर ती तयार होऊन ओट्यावर बसलेली. धुतलेलं लुगडं, पायांत चपला. काय पाहिलं ते तिने न थांबता सांगितलं. काल तिन्हीसांजेला ती विहिरीजवळच्या बांधावर होती. दीर पुन्हा सहीचं बोलायला आला होता आणि दोघांची वादावादी चालली होती. बोलता बोलता दीरच मध्ये थांबला आणि "वहिनी, ते बगा" म्हणाला. डोंगराकडून परातीएवढं काहीतरी येत होतं. पिवळं, आणि खालून तांबूस. आवाज नाही. कालव्याच्या वर येऊन ते थांबलं, चांगलं थांबलं, आणि मग सरळ वर गेलं. दिराने तिचा दंड घट्ट धरून ठेवला होता. "ल्हानपणी ढग गरजला की धरायचा ना, तस्सा," ती म्हणाली आणि हसली. या दिराला तिनेच वाढवलं होतं. ती लग्न होऊन आली तेव्हा तो रांगत होता आणि सासू अंथरुणाला खिळलेली होती.

मी म्हटलं, "आत्या, पाहिलंस ना? झालं मग. गप्प बस. त्यांना आयतं कोलीत देऊ नकोस."

"वर्दी न देता कसं चालंल?"

ते घरच तसं होतं. आत्याचे यजमान गावचे पोलीस पाटील होते. गावात काही नवं किंवा नवलाचं आलं की टोपी घालून चौकीत जायचं आणि कळवायचं, याला वर्दी देणं म्हणतात. कालव्यात वाहून आलेलं प्रेत असो, माळावर उतरलेलं अनोळखी बिऱ्हाड असो, नाहीतर कुणाचा सुटलेला वळू. वर्दी उशिरा गेली तर पाटलाची मान खाली. यजमान वारले, गाव महापालिकेत गेलं, पाटीलकीचं पदच उरलं नाही. पण आत्याच्या लेखी काम उरलं होतं. "ते असते तर राच्चालाच गेले असते," ती म्हणाली आणि स्कूटरवर मागे एका अंगाने बसली. मी गाडी मुद्दाम खड्ड्यांतून नेली. ती हूं की चूं करेना.

चौकीतले हवालदार शहरातले होते आणि त्यांना त्या दुपारी काही उद्योग नसावा. आत्याचं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं.

"आज्जी, नंबर टिपून घेतलात का गाडीचा?"

"गाडी नव्हती ती."

"मग हात दाखवून थांबवायचं तरी. लायसन बघितलं असतं."

कोपऱ्यातला शिपाई फिसकन हसला. मला त्या दोघांच्याही कानाखाली वाजवावीशी वाटली. आत्याला मात्र थट्टा कळतच नव्हती, किंवा कळूनही ती तिला कामाचा भाग वाटत असावी. तिने विचारल्यासारखी चतुःसीमा सांगायला सुरुवात केली, कारण चारी बाजूंना काय आहे हे लिहिल्याशिवाय पंचनामा होत नाही, हे तिने जन्मभर ऐकलं होतं. "लिवा. पूर्वेला कालवा. पश्चिमेला आमची हीर. उत्तरेला चिंच, दक्षिणेला गाडीवाट."

"आणि वर?" हवालदार म्हणाले.

"वर काय न्हवतं. तीच व्हती."

हवालदारांचं हसू जरा ओसरलं. त्यांनी कागद पुढे ओढला. "बरोबर कोण होतं? एकट्याचं बोलणं म्हणजे आमच्या भाषेत गप्पा."

"माझा दीर व्हता. त्यानंच आदी पाह्यलं."

आत्याने हे इतक्या सहज सांगितलं की माझ्या जिवात जीव आला. खरंच की, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दीर एक शब्द बोलला की झालं. जी वस्तू दोघांनी पाहिली तिच्यावरून एकीलाच वेडी कसं ठरवणार? उलट ज्याच्या घरातून कुजबुज निघाली होती त्याच्याच तोंडून आत्या शहाणी ठरणार होती. मी शिपायाला म्हटलं, "जा ना लवकर, बोलवा त्यांना. समोर बिल्डरच्या साइटवरच असतील."

तो येईपर्यंत मी चौकीच्या दारात येरझाऱ्या घातल्या. रस्त्यावरून वाळूचे ट्रक जात होते. ऑफिसात त्या अमेरिकन माणसाची सकाळ व्हायची वेळ झाली होती. मला एकाच वेळी दोन ठिकाणी असायला हवं होतं, आणि त्या दिवसांत मला कायम तसंच वाटायचं.

काका आले. आत्याच्या दिराला मी काका म्हणते. पांढरा सफारी, खिशात नवा मोबाइल. आत शिरताना त्यांनी आत्याकडे पाहिलं नाही तेव्हाच मला समजायला हवं होतं.

हवालदार म्हणाले, "काय हो, काल संध्याकाळी तुमच्या वहिनींबरोबर बांधावर होतात म्हणे. आभाळात काय पाहिलंत?"

काकांनी खिशावरचा हात काढला, परत ठेवला. "मी? मी न्हवतो तिथं. घरी होतो." मग थांबून शहरी बोलीत म्हणाले, "वहिनींचं आता वय झालंय, साहेब."

"काका!" मी ओरडले. "तुम्हीच आधी पाहिलंत! आत्याचा दंड धरलात!"

आत्याने माझं मनगट दाबलं. तिची नजर काकांवर होती. तिला राग आला होता का? मला तरी दिसला नाही. शाळेतून आलेल्या पोराच्या गुडघ्यावरची जखम बघावी तशी ती बघत होती.

आता हवालदारांना कामात रस आला. मघाशी थट्टेची होती ती गोष्ट आता पोलिसी झाली होती. "म्हणजे दोघांतलं एक जण पोलिसाला खोटं सांगतंय. खोटी माहिती देणं हा गुन्हा आहे, माहीत असेलच तुम्हाला, पाटलांचं घर तुमचं. सोपं आहे. वाटेवरच्या चार घरांत विचारतो, काल हे बांधावर गेले होते का. चला रे."

शिपायाने टोपी घातली. काकांचा चेहरा पडला. काल वाटेवरच्या प्रत्येक घराने त्यांना जाताना पाहिलं असणार. गावात कोणी दिसल्याशिवाय कुठे जातं? ते दाराकडे बघायला लागले, ते मला दिसलं आणि आत्यालाही दिसलं. मला फार बरं वाटलं. विचाराच, म्हटलं मनात, एकेका घराला विचारा.

"ऱ्हाऊ द्या," आत्या म्हणाली.

हवालदारांनी वर पाहिलं.

"माझी चूक झाली. त्यो नव्हता. म्या एकटीच व्हते. तसं लिवा."

त्या घरातून गेलेली ती पहिली खोटी वर्दी. आत्याने अंगठा नाही दिला, सही केली. यजमानांनी शिकवलेली, अक्षरं एकमेकांपासून लांब लांब ठेवून केलेली सही. काका काही बोलायला तिच्या मागोमाग पायरीपर्यंत आले. ती स्कूटरवर बसली आणि मला म्हणाली, "चल बया, तुझं हापीस खोळंबलं."

मी सबंध रस्ताभर तिला बोलले. तू स्वतःच्या हाताने स्वतःला वेडी ठरवलंस, तो तुझा कोण लागतो, त्याने तुला विकलं. ती एवढंच म्हणाली, "त्याला हवालदारानं धरलं असतं." मी इतकी चिडले होते की तिला घरी सोडून चहा न घेताच निघाले.

पुढे माझ्या भीतीप्रमाणेच झालं. आठवड्याच्या बाजारात तिला विमानवाली म्हणायला लागले. वकिलाची नोटीस आली, तिच्यात भ्रम हा शब्द दोनदा होता. आत्याने ती माझ्याकडून वाचून घेतली, दुसऱ्यांदाही वाचायला लावली, आणि रजिस्ट्रारच्या कचेरीत जाऊन सही करून आली. वेडी ठरून सही जाण्यापेक्षा शहाणी असताना दिलेली बरी, असं तिचं म्हणणं. विहीर बुजली. चिंच तोडली. त्या जागी जी इमारत उभी राहिली तिच्यात वरच्या मजल्यावर तिला एक फ्लॅट मिळाला आणि खालच्या मजल्यावर काकांना.

काही वर्षांनी एका शनिवारी संध्याकाळी मी तिच्याकडे गेले होते. मी तोपर्यंत तीन नोकऱ्या बदलल्या होत्या आणि चौथीच्या विचारात होते. आत्या गॅलरीत भाजी निवडत होती. दार उघडंच होतं. काका आत आले, न विचारता खुर्ची ओढून गॅलरीत बसले आणि डोंगराकडे बघायला लागले. मला कळलं की हे रोजचं आहे. काका खूप वाळले होते.

मग ते म्हणाले, "वहिनी, ते वर जाताना फिरलं का सरळ गेलं?"

आत्याने मेथीची काडी मोडली. "काय?"

"ते. मला आठवंना झालंय. डोळा लागत न्हाई मला. पोरांना सांगावं तर म्हणत्याल, म्हातारा कामातनं गेला. तुमच्याशिवाय कुणाशी बोलू?"

"माझ्याशी काय बोलतो? तू कुटं व्हतास तिथं? तसं लिवून दिलंय म्या."

"व्हतो मी, वहिनी." काकांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. "तुमाला ठावं हाय, मी व्हतो."

आत्याने निवडलेली भाजी एका बाजूला सारली. तिच्या आवाजात टोमणा नव्हता, हे मी शपथेवर सांगेन. "मग ऊठ. चौकी हाय तिथंच हाय. जाऊन वर्दी दे. म्या येते साक्षीला."

मी तर उठलेच. स्कूटरची किल्ली हातात घेतली, काकांना म्हटलं, बसा मागे, आत्ता जाऊ. मला खरोखर वाटलं की जातील. काकांनी गॅलरीचा कठडा धरला, अर्धे उठले, आणि खालून सुनेने हाक मारली तशी परत बसले.

"आता?" ते म्हणाले. "या वयात, वहिनी? लोक काय म्हणत्याल?"

आत्याने मेथीची दुसरी जुडी सोडली.

"तवा माझं वय तुज्या आत्ताच्या वयाहून जास्तच व्हतं," ती म्हणाली.