मल्लूअण्णांचा नवा कॅमेरा

लग्नात भटजींच्या आधी मल्लूअण्णांचा आवाज चढायचा. खांद्यावर व्हीएचएसचा अवजड कॅमेरा, मागे दिवा धरलेला माणूस, आणि समोर जो कोणी येईल त्याच्यावर वसकन ओरडणं. नवरदेवाच्या आत्यालाही त्यांनी कधी सोडलं नाही. सोलापुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं व्हिडिओ शूटिंगचं दुकान होतं. माझे वडील गेल्यावर आईबरोबर कचेऱ्यांत खेटे घालणारे हेच अण्णा. त्यामुळे त्यांच्यावर रागावणं मला सोपं नव्हतं. पण राग आला, आणि ते हयात नसतानाही तो गेलेला नाही.

त्या काळी दोन व्हीसीआर जोडून एका टेपवरचं दुसऱ्या टेपवर उतरवायचं, हेच एडिटिंग. उतरवताना चित्र फिकट होई, जोडापाशी पडदा थरथरे. लग्नानंतर भाऊबंदकी उफाळली की लोक दुकानात यायचे. धाकट्या काकाला काढा, त्या मेव्हण्याचं तोंड नको. अण्णा उडवून लावत. “टेप हाय ती. कापडाचा तागा न्हाय, फाडून शिवायला.” माणसं तणतणत परत जात, आणि जो लग्नाला होता तो टेपवर राहायचा. मला अण्णांचं फार कौतुक वाटे.

मग त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला. तळहातात मावेल एवढा. गल्लीतल्या एकेकाला बोलावून ते दाखवत सुटले. वायर जोडली की चित्र जसंच्या तसं कॉम्प्युटरवर, माऊसनं हवं तिथे कापा, जोड शोधूनही सापडत नाही. “बघ की, कायबी कळत न्हाय,” ते मला म्हणाले. इतके हरखलेले अण्णा मी कधीच पाहिले नव्हते. त्या कॅमेऱ्यावरचं पहिलं मोठं काम म्हणजे माझं लग्न.

सीडी आली तेव्हा मी माहेरी होते. आई टीव्हीजवळ सरकून बसली. अक्षता पडताना ती माझ्या पाठीवर हात ठेवून उभी होती, खास त्या दिवसासाठी घेतलेली वांगी रंगाची साडी नेसून. पडद्यावर त्या वेळी सनईवाला दिसला. पाठवणीला तिनं मला पोटाशी धरलं होतं. तिथे गाडीवरची फुलं. अख्ख्या लग्नात आई कुठेच नव्हती. सीडी संपल्यावर ती हळूच म्हणाली, “मी तेव्हा पाण्याचं बघायला गेले असेन.”

तिला सगळं कळलं होतं. मी तशीच उठून दुकानात गेले.

बार्शीच्या माझ्या मामेसासऱ्यांनी तिथे बसून सांगितलं होतं, शुभकार्याच्या सीडीत विधवा बाई नको. अण्णांनी ते लपवलं नाही. कॅमेऱ्यातल्या मूळ छोट्या कॅसेटवर त्यांनी दुसरं लग्न घेऊनही टाकलं होतं, म्हणजे आई कायमची पुसली गेली होती. “पोरी, पूर्वी हुत न्हाय म्हणून सांगत हुतो. आता समद्यांना ठावं हाय, हुतंय. काय सांगू?”

“करणार नाही, असं सांगायचं,” मी म्हणाले.

ते मान खाली घालून कॅमेऱ्याची काच पुसत राहिले. ज्या ताठपणाचं मी लहानपणापासून कौतुक करत आले तो त्या जुन्या मशीनचा होता, अण्णांचा नव्हताच. त्यानंतर मी त्या दुकानाची पायरी चढले नाही. आई मात्र त्यांच्याशी पूर्वीसारखीच बोलत राहिली, आणि मला त्याचाही संताप येई.

गेल्या वर्षी अण्णा वारले. परवा त्यांच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. आईनं गळ घातली म्हणून मी गेले. अक्षतांची वेळ झाली तरी अण्णांच्या बायको, गंगाकाकू, कुठे दिसेनात. शोधलं तर कार्यालयाच्या खांबाआड उभ्या. मी हात धरून पुढे नेऊ लागले, तर त्यांनी तो सोडवून घेतला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “नगं गं. शूटिंगवाल्या पोरास्नी मागनं मला काढून टाकत बसावं लागतंय.”

माझं डोकं फिरलं. मी त्यांना ओढतच नवरीशेजारी नेऊन उभं केलं आणि कॅमेरावाल्याला सगळ्यांदेखत बजावलं, “या नवरीच्या आई आहेत. कोणीही सांगू दे, यांना काढायचं नाही.”

एवढंच एक वाक्य अण्णांनी माझ्या आईसाठी बोलायचं होतं.