डेन्मार्कमधलं रडणं

पनवेलच्या उकाड्यात भाचीच्या बाळाचं लोकरीचं टोपडं वाळत होतं. त्या ओल्या लोकरीच्या वासानं मी थेट डेन्मार्कच्या त्या छोट्याशा अध्यापक महाविद्यालयात पोचले. निघताना आई म्हणाली होती, "पोरं सांभाळायला शिकायला एवढ्या लांब? इथली संपली का गं?"

तिथल्या बालवाडीत सरावाच्या पहिल्याच दिवशी एक चिमुरडी आईसाठी हमसून हमसून रडत होती. मुलांना विचारल्याशिवाय जवळ घ्यायचं नाही, असा नियम. मी अडखळत विचारलं, "जवळ घेऊ तुला?"

"नको!"

पुढचं कुणी शिकवलंच नव्हतं. मग मीही शेजारी फतकल मारून रडू लागले. ती गप्प झाली आणि खुशाल माझ्या मांडीत येऊन बसली. गुण देणाऱ्या बाई बघत होत्या. माझे दोन्ही हात हवेतच राहिले. तेव्हा नापास होण्याची भीती होती. आता वाटतं, धरायला हवं होतं तिला.