विहिरीजवळचा तुकडा

"पडद्याकडे काय पाहून रायला गा? पब्लिककडे पाय," असं म्हणत आमचा ऑपरेटर मला केबिनच्या झरोक्याकडे वळवायचा. अकोल्याच्या त्या टॉकीजमध्ये मी दारावर तिकिटं फाडायचो आणि तो वर मशीन चालवायचा.

आपल्याला वाटतं, आपण गोष्ट पाहतो. तो म्हणायचा, गोष्ट फिल्म कापून जोडणाऱ्याच्या हातात असते. चेहरा जवळ आला की खुर्च्यांची कुरकुर थांबते, तुकडे भराभर बदलले की पाय आपटायला लागतात. झरोक्यातून त्यानं हे दाखवल्यापासून मला भाबडेपणानं सिनेमा पाहता आलेला नाही.

रविवारी सकाळी जादा खेळ असे. वेळ जमावी म्हणून मॅनेजर सिनेमा कापून घेत. एकदा आमच्या ऑपरेटरनं मारामारीच काढली आणि खलनायक एकदम डोक्याला पट्टी बांधून हजर. अकोटहून आलेली मंडळी ओरडली, "याले कोनं मारलं?" हा आठवडाभर हसत होता.

मग तो सिनेमा आला. रिकामी घागर घेऊन एक बाई विहिरीपासून लांब उभी. विहिरीला शिवायची तिला बंदी, कुणी वरून ओतलं तरच पाणी. कॅमेरा तिच्या चेहऱ्यावरून हलतच नाही.

"हे काप," रविवारी सकाळी मॅनेजर त्याला म्हणाले. "यात काही होतच नाही."

"नाच कापतो, गाणं कापतो. हे नाई."

"काहून?"

"कापलं तं बाई आली अन् घागर भरली, असं दिसते साहेब. माही माय बाळापूरले अशीच उभी राहे. तिले कधी लगेच भेटलं नाई."

"मंग उद्यापासून येऊ नको."

"उद्याचं उद्या. आजचे खेळ पुरे होतीन."

त्यानं केबिनला आतून कडी लावली. सकाळचा खेळ न कापता चालला, म्हणून दुपारचा उशिरा सुरू झाला. रांगेतले लोक उन्हात माझ्यावर खेकसत होते. मला मनातून त्याचा अभिमान वाटत होता. शेवटचा खेळ संपल्यावर त्यानं केबिनची किल्ली मॅनेजरच्या टेबलावर ठेवली आणि निघून गेला. पुन्हा तो मला भेटला नाही.

सोमवारी नव्या ऑपरेटरनं तो तुकडा काढला. मी दाराशी उभा राहून पाहिलं. बाई आली, घागर भरली. जोड चांगला होता, कुणाला काही कळलं नाही.

आमच्या गावच्या घरी विहीर होती. तिच्यापासून लांब कोण उभं असायचं, ते मला तेव्हा आठवलं. आम्ही मुलं तिकडे पाहतसुद्धा नव्हतो. फार लाज वाटली.

दुसऱ्या दिवसापासून तिकीट फाडताना मी प्रत्येकाला सांगू लागलो, "मधात एक बाई लय वेळ उभी आहे. इथं तिले कापलं." मॅनेजरांनी दोनदा दम दिला. मी सांगतच राहिलो. आठवड्याच्या आत मलाही घरी बसवलं.