दस्त झाला का?

परीक्षेच्या आधी नर्सिंगच्या मुली माझ्याकडं उजळणीला येतात, तेव्हा मी आधी त्यांच्या वह्या मिटायला लावते. नाडी, ताप, श्वास, जीभ, लघवी, सगळं पोपटासारखं पाठ असतं. मग मी विचारते, "रोगी 'नाही' म्हणाला, तर काय समजायचं?" "नाही समजायचं, बाई," असं उत्तर येतं. कपाळ माझं!

मी शिकत होते तेव्हा आमच्याकडं निजामाचं राज्य होतं. धाराशिवच्या दवाखान्यात सगळा कारभार उर्दूत. आमच्या शिकवणाऱ्या सिस्टर हैदराबादच्या, कामाला वाघीण, पण मराठीच्या नावानं शंख. त्या दिवसांत कुणाचा कुणावर भरवसा नव्हता. चार माणसं बोलत उभी असली आणि पाचवा आला, की बोलणं हवापाण्यावर यायचं. सिस्टरही त्यातल्याच. "मरीज से पूछना, रिश्तेदारां से नक्को," त्या सांगायच्या, "रिश्तेदारां झूट बोलते." मला ते लगेच पटलं. माझा स्वभाव मुळातच संशयी.

एका सकाळी आमची उजळणी चालू असताना तुळजापूरकडच्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला त्याच्या पुतण्यानं बैलगाडीतून आणलं. सिस्टरनी मलाच पुढं केलं. आधी बघायचं, मग विचारायचं, मग हात लावायचा. बघितलं तर डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले, आवाज बसलेला. दोन्ही हातांच्या मुठी घट्ट आवळलेल्या. धोतर मात्र धुतलेलं, पांढरंशुभ्र. माझ्या मनात पाल चुकचुकली. मरायला टेकलेल्या माणसाला एवढं चकाचक करून कोण आणतं? पुतण्या दारातून काहीतरी सांगू बघत होता. शिपायानं त्याला व्हरांड्यात नेऊन बसवलं, तेव्हा मला बरंच वाटलं.

म्हातारा कानानं जड दिसला, म्हणून सिस्टर वाकून मोठ्यानं म्हणाल्या, "बाबा, दस्त हुए क्या?"

म्हाताऱ्यानं डोळे वटारले. "न्हाय!"

"एक भी नहीं?"

"एक बी न्हाय. आन् जित्ता हाय तवर हू बी देनार न्हाय!"

मुली खुदकन हसल्या. सिस्टरनी ठरवलं, ऊन लागलंय. कपाळावर ओल्या पट्ट्या ठेवायला सांगून त्या पुढच्या खाटेकडं गेल्या. मी पाण्याचा पेला पुढं केला, तर म्हाताऱ्यानं तोंड फिरवलं. "त्यानं धाडलंय व्हय तुला?"

आता तर माझी खात्रीच पटली. पुतण्यानं काहीतरी चारलंय, दुसरं काय! मी पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी आटल्याशिवाय असं होत नाही. नाडी हाताला लागता लागेना. पण जुलाब नाही, उलटी नाही, मग पाणी गेलं कुठं? तळहात बघायला मूठ उघडायला गेले, तर त्यानं अंगठा आणखीच आत दाबला आणि पुटपुटला, "अंगठा न्हाय देनार. म्हाजी जिमीन हाय."

तेव्हा कुठं माझी ट्यूब पेटली. अगं बाई! सिस्टरचा दस्त म्हणजे जुलाब, आणि याचा दस्त कचेरीतला, जमिनीचा!

मी कानाशी वाकले. "आजोबा, परसाकडं गेलता का हो?"

"रातीपास्नं तितंच हुतो की, पोरी. नुसतं पान्यावानी."

मी अशी ओरडले, की अख्खा वॉर्ड वळून बघायला लागला. पटकी होती, कॉलरा. सिस्टर धावत आल्या, "या अल्ला" म्हणून कपाळावर हात मारला, आणि डॉक्टरसाहेबांना बोलावणं गेलं. म्हाताऱ्याला वेगळ्या खोलीत हलवून सलाईन लावलं. पण तोंडानं पाणी घेईल तर शपथ! शेवटी त्याच्या उशाशी ठेवलेल्या मडक्यातलं उकळलेलं पाणी मी त्याच्यादेखत घटाघटा प्यायले. तो माझ्याकडं टकामका बघत राहिला. मग प्यायला.

म्हातारा वाचला. पुतण्या मात्र दवाखान्यामागं रोज चूल पेटवून त्याची घाण धोतरं उकळत बसायचा, कपाळावर आठी नाही. माझा संशय काही जाईना. फुकट कोण करतं एवढं? शेवटी मी तोंडावरच विचारलं, "चुलत्याच्या जमिनीवर डोळा आहे म्हणं तुमचा?"

तो काठीनं धोतर ढवळत म्हणाला, "बाई, दस्त तर कवाच झालाय. नानांच्या पोरानंच केला. कचेरीत दुसरंच म्हातारं हुबं केलं, आन् नानांच्या नावानं त्येचा अंगठा दिला. घेनाऱ्याच्या हातापाया पडून म्या सुगीपत्तूर त्येचा ताबा थांबवलाय. नानांना ह्यातलं कायबी ठावं न्हाय. तुमीबी सांगू नका. जीव जाईल त्येंचा."

माझी मान खाली गेली. घेतलेली शंका गिळताही येईना. त्या पोराचा इतका राग आला, की समोर असता तर मी त्याला पायताणानं बडवला असता.

घरी जायच्या दिवशी म्हातारा माझा हात धरून पायऱ्या उतरला. पुतण्या गाडीत कडबा पसरत होता, वर घोंगडी टाकत होता. म्हाताऱ्यानं मला जवळ ओढलं. हळूच बोलायचं म्हणून बोलला, पण बहिऱ्या माणसाचं हळू ते! पुतण्याला शब्द न् शब्द ऐकू गेला असणार.

"पोरी, तू पानी पाजलंस म्हून सांगतो. ह्या पुतन्यापास्नं जपून ऱ्हावं लागतंय बघ. म्हाजं पोरगं तेवढं सोन्यावानी हाय, म्हून जिमीन टिकली."

पुतण्यानं घोंगडी झटकून नीट केली आणि त्याला वर घ्यायला हात पुढं केला.

"व्हय, आजोबा," मी म्हटलं.