चाळीसगाव टाकलं की प्रोग्रॅम बंद

माझ्या प्रश्नाचं उत्तर ज्यांना येत नव्हतं, त्यांचीच मी जन्मभर ऋणी राहिले.

नाना काल सकाळी गेले. दोंडाईचाला, राहत्या घरी.

नाना म्हणजे शाळेत सायन्स शिकवणारे सर. माझे सर नव्हेत. आम्ही एकमेकांना कधी पाहिलंसुद्धा नाही.

नव्वदच्या दशकाची शेवटची वर्षं. मी जळगावला पॉलिटेक्निकला होते, C ही कॉम्प्युटरची भाषा शिकत होते. गावात इंटरनेट नवंच. मेल आधी वहीत लिहायचा आणि मग कॅफेत जाऊन भराभर टाइप करायचा.

C शिकणाऱ्यांची एक मेलिंग लिस्ट होती. देशभरातली दोनेकशे माणसं, त्यात माझ्या वर्गातली पाच मुलं.

तिथली पद्धत भारी होती. प्रश्न सगळ्यांना विचारायचा. उत्तरं फक्त तुम्हाला येणार. प्रश्न सुटला की समस्या, चूक आणि उपाय तुम्ही सगळ्यांना लिहून कळवायचं. त्याला समरी म्हणायचे.

माझा प्रोग्रॅम गावांची नावं घेऊन यादी छापायचा. छापता छापता मधेच बंद पडायचा. प्रोजेक्ट द्यायला आठवडा उरलेला. घाबरत प्रोग्रॅम लिस्टवर टाकून विचारलं.

अकरा उत्तरं आली! ओळख ना पाळख, लोकांनी पान पान लिहिलेलं. प्रोग्रॅम चालला. मी कॅफेतच रडले.

मग मी लिस्टवर आपल्याकडच्या पद्धतीने आभार मानले. लग्नपत्रिकेत असतात तशी अकराही नावं, वयाचा अंदाज घेऊन मोठ्यांपासून. कोणी राहिलं तर रुसवा नको.

चूक काय होती, ते मात्र लिहिलं नाही.

मुद्दामच. वर्गात मी हुशार म्हणून ओळखली जायचे. ती पाच मुलं वर्षभर हसली असती.

दोन दिवसांनी एक मेल आला. अकरातल्या कोणाचा नव्हता, नानांचा होता.

"धन्यवाद पोहोचले. चूक काय होती?"

मी मेल बंद केला आणि कॅफेतून निघाले.

चार दिवसांनी पुन्हा.

"ताई, मी पण नवीनच आहे. तुमचा प्रोग्रॅम माझ्याकडे टाइप केला. पाचोरा टाकलं, चालतो. शिरपूर टाकलं, चालतो. माझं दोंडाईचा टाकलं, तरी चालतो. मग बंद पडतो कुठे? माझं जेवणात लक्ष नाही."

एवढा मोठा माणूस माझ्या प्रोग्रॅममध्ये गावोगाव फिरत होता. मला हसू आलं आणि लाजही वाटली.

त्या दिवशी समरी लिहिली. आणि सेंड दाबलं.

समस्या: चाळीसगाव टाकलं की प्रोग्रॅम बंद.
चूक: इंग्रजीत चाळीसगावची अक्षरं दहा, म्हणून मी घरं दहाच ठेवली. शब्द संपल्याची खूण ठेवायला C ला एक घर जास्त लागतं, ते विसरले.
उपाय: घरं अकरा.

वर्गातली मुलं हसली. दोन दिवस. त्यातल्याच एकाने हळूच विचारलं, "माझापण तिथेच अडकलाय, बघशील का?"

आणि नानांचा मेल, इंग्रजी लिपीत पण चक्क अहिराणी:

"दहा पाव्हनासले जीप सांगी, आनि डायव्हरले जागाच नही!"

खाली एक ओळ: "आज पोटभर जेवलो."

पुढे लिस्ट बंद पडली. मी नोकरीला पुण्यात आले. मेलऐवजी नानांचे फोन येऊ लागले. नोकरी बदलली, भरीत बिघडलं, पोरगी रुसली, काहीही सांगा, त्यांचा प्रश्न ठरलेला. "बरं, चूक काय होती?" त्यात टोमणा नसायचा. त्यांना खरंच जाणून घ्यायचं असायचं.

असं विचारणारं दुसरं कोणी मला भेटलं नाही.

आज त्यांच्या मुलीचा फोन आला. म्हणाली, "नाना सांगायचे, जळगावची ताई एकदा येणार आहे."

तेव्हा नाना, ही शेवटची समरी. सगळ्यांसमोर.

समस्या: जळगावहून सुरतेला मावशीकडे तीनदा गेले. तिन्ही वेळा गाडी दोंडाईचाला थांबली. खिडकीतून स्टेशन पाहिलं, उतरले नाही.
चूक: पुढच्या वेळी उतरू म्हटलं.
उपाय: सापडत नाही.

धन्यवाद, नाना.

पोहोचले का?