मावशी आणि सुतारकाकांची होडी

माझी मावशी ट्रेलर भाड्याने देते. कोणत्या पिकअपमागे कोणता ट्रेलर जोडायचा हे ठरवण्यात तिची हयात गेली. गिऱ्हाईक छाती फुगवून सांगतं, "आपली गाडी काहीही ओढेल." मावशी शांतपणे विचारते, "ओढेल हो. पण उतारावर थांबवेल का?"

एका सकाळी सुतारकाका आपली छोटी पिकअप घेऊन आले. त्यांना सपाट ट्रेलर हवा होता. "होडी आहे घरी केलेली. तळ्यावर न्यायचीय."

न बघता मावशी ट्रेलर देत नाही. आम्ही दोघी त्यांच्या घरामागच्या शेडमध्ये गेलो आणि दारातच थबकलो. शेडभर होडीच होती. फळ्या अशा वाकवलेल्या, की लाकूड मुळात तसंच उगवलं असावं. मावशीने एक फेरी मारली, मग दुसरी. फळीवर तळवा टेकवला.

"एकट्याने केलीत?"

"लग्नानंतर म्हणाले होते, तुला होडी करून देईन," मागून आलेल्या त्यांच्या बायको, काकू, म्हणाल्या. त्यांचं माहेर बेटावरचं. "मला वाटलं, नव्या नवरीला सांगतात तसंच हे."

मावशी हसली, पण डोळे होडीवरून हलेनात. मग कामाचं बोलली. "सपाट ट्रेलर नको. सगळा भार पोटावर येईल, फळ्या उकलतील. खाली फिरते रूळ असलेला, होडीचाच ट्रेलर लागेल, दोन आसांचा, स्वतःचे ब्रेक असलेला. आणि तुमची पिकअप त्याला हलकी पडेल."

काकांचा चेहरा पडला. "माझी गाडी काय वाईट आहे?"

"चांगली आहे, म्हणून तर तिचा घात करायचा नाही. मागचं ओझं तिला रस्त्याच्या कडेपर्यंत नाचवेल. मी माझी मोठी पिकअप काढते."

होडी ट्रेलरवर चढली. मावशीने पुढचा दांडा उचलून पाहिला आणि मान हलवली. "नाक हलकं लागतंय, भार मागे जास्त आहे. होडी वीतभर पुढे घ्या." चौघांनी ढकलून ती पुढे घेतली, पट्टे आवळले.

मी मावशीशेजारी बसले. काका-काकू मागून येत होते. मोठ्या पुलावर आडवा वारा सुटला आणि ट्रेलर डोलू लागला. आरशात होडी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे. मी ओरडले,

"मावशी, ब्रेक!"

"पायाचा नाही." तिने वेग सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि ट्रेलरच्या ब्रेकचा हाताजवळचा दांडा अलगद ओढला. मागचा ट्रेलर ताणला गेला, आणि ती एवढी मोठी वस्तू शहाण्या गाईसारखी सरळ चालू लागली. मावशीच्या कपाळावर आठीसुद्धा नव्हती. मी मात्र घामाने भिजले होते.

तळ्यावर तिने ट्रेलर मागे घेतला. त्याला डावीकडे वळवायचं तर गाडीचं स्टिअरिंग उजवीकडे फिरवावं लागतं; माझं डोकं गरगरलं, तिचे हात मात्र सहज फिरत होते. चाकं पाण्यात बुडाली. पट्टे सुटले. क्षणभर काहीच झालं नाही. मग होडी रुळांवरून सरकली आणि इतकं वजन पाण्यावर पानासारखं डुललं.

काका टोपी हातात घेऊन उभे. काकू चढल्या, वल्ही हाती धरली आणि त्यांचा चेहराच बदलला, बेटावरची लहान मुलगी होडीत बसल्यासारखा.

"या की तुम्ही," त्यांनी मावशीला हाक मारली.

मावशीने शेकडो होड्या वाहून नेल्या असतील. पाण्यावर कधी गेली नव्हती. पायातलं काढून, होडीचे दोन्ही काठ घट्ट धरून ती बसली. होडी आत गेली. आयुष्यभर ओझी तोलणारी माझी मावशी खालच्या पाण्याकडे बघत राहिली, तोंड किंचित उघडं.

परत आल्यावर म्हणाली, "काहीच ओढावं लागत नाही गं तिथे."

आता सुट्टीच्या दिवशी ती काकूंकडून वल्हवायला शिकते.