चार बोटांची ओळख

ठाकूरद्वारच्या नाक्यावर अर्ज लिहिण्याचे माझे टेबल आहे. तेथे येऊन बसणारे, बोटीवरून निवृत्त झालेले एक मालवणी स्वयंपाकी माझ्या विशेष आदरास पात्र आहेत. फिलिपिनो खलाशांसाठी भात रांधता रांधता ते त्यांची भाषा शिकले. परका खलाशी भेटला की ते नाव विचारत नाहीत. आकडे मोजायला लावतात आणि आपल्या फिलिपिनो आकड्यांशी जुळणाऱ्या प्रत्येक आकड्याला एक बोट मिटतात.

गेल्या महिन्यात त्यांनी एका इंडोनेशियन खलाशाला आणले. त्याला रजेचा अर्ज हवा होता, कारण मात्र कोणालाच कळेना. मोजणी झाली. पाचाला दोघेही 'लिमा' म्हणाले. सहापर्यंत चार बोटे मिटली.

"भाशा चुलत भयणी आसत," स्वयंपाकी म्हणाले. "आता इचारतंय."

खलाशी सावकाश बोलला: अनाक, साकित, माता. तिन्ही शब्द ओळखीचे निघाले. मूल, आजार, डोळा.

मी तत्काळ लिहिले, 'अर्जदाराचे अपत्य मृत्युशय्येवर असून...'

"वकीलसाहेब, तो डोळो म्हणता, डोळोच लिवा. पोराक मारू नकात."

"अशाने रजा मिळत नाही," मी बजावले.

"खोट्यान मिळाली तर घराक जाऊन पोराच्या तोंडाकडे बघतलो कसो?"

मी नवा कागद घेतला आणि मुलाचा डोळा आजारी असल्याने रजा मिळावी, एवढेच लिहिले. तो एका ओळीचा अर्ज स्वयंपाक्यांनी खलाशाला त्याच तीन शब्दांत वाचून दाखवला. त्याने छातीवर हात ठेवला आणि मग सही केली. रजा चौथ्या दिवशी मंजूर झाली. परंतु माझा अर्ज अर्जदारालाच संपूर्ण समजल्याचे मी त्या सहीच्या वेळी प्रथमच पाहिले.